घटक ७ : संगणकीय संपर्कवही – मराठी नावांची नोंद आणि भाषेचे प्रश्न

७.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासून झाल्यावर आपणास –

• संगणकीय संपर्कवहीचे स्वरूप व तिच्यातील रकान्यांचे कार्य स्पष्ट करता येईल.
• मराठी नावाची घडण लक्षात घेऊन नोंद कशी करावी, हे ठरवता येईल.
• लेखनभेदांमुळे नोंद का सापडत नाही, याची भाषिक व तांत्रिक कारणे सांगता येतील.
• एखाद्या संस्थेसाठी किंवा गावासाठी संपर्कवही तयार करून ती जबाबदारीने सांभाळता येईल.

७.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण अर्ज, निवेदन आणि परिपत्रक या लेखनप्रकारांचा विचार केला. हे सर्व लेखन कोणाला तरी पाठवायचे असते. ते योग्य माणसापर्यंत पोहोचावे यासाठी नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक यांची व्यवस्थित नोंद लागते. पूर्वी हे काम वहीत होत असे. आज अनेक ग्रामपंचायती, शाळा, वाचनालये आणि बचतगट यांच्याकडे संगणक आहे आणि त्यात संपर्कवहीची प्रणालीही असते. तरीही वेळेवर नाव सापडत नाही, ही तक्रार कायम आहे. प्रणाली वापरणाऱ्याचे संगणकज्ञान कमी आहे, असे तिचे कारण सहसा दिले जाते. प्रत्यक्षात मोठे कारण भाषेत आहे. प्रणालीतील रकाने एका विशिष्ट नामपद्धतीवर बेतलेले आहेत. आपली नावे दुसऱ्या पद्धतीची आहेत. या दोहोंचा मेळ कसा घालायचा, हे ठरवण्याआधीच आपण नोंदी करू लागतो.

विवेचनासाठी आपण पालघर जिल्ह्यातील जव्हार तालुक्यातले जामसर हे गाव डोळ्यांसमोर ठेवू. जव्हार-मोखाडा हा डोंगराळ, आदिवासीबहुल भाग आहे. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी अशा समाजांची येथे वस्ती आहे. घरे अनेक पाड्यांत विखुरलेली असतात. दिवाळीनंतर पुष्कळ कुटुंबे वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. अशा गावात शाळेला, आरोग्यसेविकेला किंवा बचतगटाला एखादे कुटुंब सापडणे किंवा न सापडणे, यावर मुलाचे शिक्षण, बाळाची लस किंवा मजुरीचे पैसे अवलंबून असतात. म्हणून येथे संपर्कवही ही केवळ सोयीची वस्तू राहत नाही.

७.२ विषय-विवेचन

७.२.१ संपर्कवही म्हणजे काय?

कागदी वहीतील नोंद ही एक सलग ओळ असते. संगणकीय संपर्कवहीत प्रत्येक व्यक्तीचे एक स्वतंत्र पत्रक असते आणि ते रकान्यांत विभागलेले असते. पहिले नाव, मधले नाव, आडनाव, उपाधी, टोपणनाव, दिसणारे नाव, दूरध्वनी, ई-पत्ता, टपालाचा पत्ता, संस्था आणि टिपण हे त्यांतील प्रमुख रकाने होत. कागदी ओळ माणूस वाचतो आणि अर्थ लावतो. संगणक अर्थ लावत नाही. दिलेल्या रकान्यात दिलेली अक्षरे आहेत की नाहीत, एवढेच तो पाहतो.

मेजावरच्या संगणकावर चालणाऱ्या अशा अनेक प्रणाली आहेत. या घटकात आपण ‘थंडरबर्ड’ या ई-पत्र प्रणालीतील संपर्कवही उदाहरणादाखल घेऊ. ही प्रणाली विनामूल्य व मुक्तस्रोत आहे. तिची पहिली पूर्ण आवृत्ती २००४ साली आली आणि २०२२ साली आलेल्या १०२व्या आवृत्तीत संपर्कवहीची मांडणी नव्याने करण्यात आली. कंट्रोल, शिफ्ट आणि ‘बी’ या कळा एकत्र दाबल्या की संपर्कवही उघडते. आरंभी तिच्यात दोन वह्या असतात. ‘पर्सनल ॲड्रेस बुक’मध्ये आपण स्वतः केलेल्या नोंदी राहतात आणि ‘कलेक्टेड ॲड्रेसेस’मध्ये आपण ज्यांना पत्र पाठवले त्यांचे पत्ते आपोआप जमतात. संस्थेच्या कामासाठी तिसरी, स्वतंत्र वही उघडावी. घरच्या आणि संस्थेच्या नोंदी एकत्र करू नयेत.

मोबाइल हातात असताना मेजावरचा संगणक कशाला, असा प्रश्न आपणास पडेल. मोबाइल हा एका व्यक्तीचा असतो. तो हरवला, बिघडला किंवा ती व्यक्ती बदलून गेली की यादीही जाते. संगणकातील वही संस्थेची राहते, तिच्यावर अनेकांना काम करता येते आणि संगणकात साठवलेली वही वाचण्यासाठी इंटरनेट लागत नाही. डोंगराळ भागात, जेथे नेटवर्क येते-जाते, तेथे हा मोठा लाभ आहे.

एका प्रणालीतील नोंद दुसऱ्या प्रणालीत नेता यावी म्हणून ‘व्हीकार्ड’ नावाचा प्रमाण आराखडा वापरतात. त्याची कल्पना १९९५ साली ‘वर्सिट’ या संघाने मांडली. आज प्रचलित असलेली चौथी आवृत्ती २०११ सालची असून तिच्यात सर्व मजकूर युनिकोडमध्येच लिहावा लागतो. या आराखड्यात नावाचे पाच भाग मानले आहेत : कुलनाम, व्यक्तिनाम, अतिरिक्त नावे, नावापूर्वीची उपाधी आणि नावानंतरची उपाधी. याशिवाय ‘पूर्ण नाव’ हा एक रकाना असतो व तो भरणे बंधनकारक असते. आपल्या पुढील विवेचनाचा पाया हाच पाच भागांचा साचा आहे.

७.२.२ मराठी नावाची घडण आणि रकाने

मराठीत औपचारिक नाव साधारणपणे तीन पदांचे असते : व्यक्तिनाम, पितृनाम किंवा पतिनाम, आणि आडनाव. पालघर जिल्ह्यातील डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे विख्यात वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांचे नाव पाहा. २०११ साली त्यांना ‘पद्मश्री’ हा सन्मान मिळाला. त्यांची नोंद अशी होईल :

पहिले नाव – जिव्या
मधले नाव – सोमा
आडनाव – म्हसे
दिसणारे नाव – जिव्या सोमा म्हसे

ही विभागणी सोपी वाटते. परंतु पुढील चार बाबी ध्यानात घ्याव्या लागतात.

(अ) *पदांचा क्रम.* बोलताना व सही करताना आपण व्यक्तिनाम आधी घेतो. शाळेची पटनोंदणी आणि अनेक शासकीय याद्या यांत मात्र आडनाव आधी येते. दोन्ही क्रम मराठीत रूढ आहेत. एकाच वहीत काही नोंदी ‘जिव्या सोमा म्हसे’ आणि काही ‘म्हसे जिव्या सोमा’ अशा झाल्या, तर अनुक्रम निरर्थक होतो. म्हणून प्रत्येक पद त्याच्या रकान्यातच लिहावे. आडनाव आधी दिसावे की नंतर, हे दृश्यपद्धतीच्या मेनूतून केव्हाही बदलता येते. त्यासाठी नोंद बदलावी लागत नाही.

(आ) *मधले पद.* इंग्रजी पद्धतीत मधले नाव हे बहुधा त्याच व्यक्तीचे दुसरे नाव असते. मराठीत ते वडिलांचे वा पतीचे असते. त्यामुळे तो रकाना ऐच्छिक समजून मोकळा सोडणे मराठी वहीला परवडत नाही. जव्हार-मोखाड्यात आडनावे मोजकी आहेत. भोये, गावित, चौधरी, महाला, कामडी ही आडनावे अनेक घरांत आढळतात. जुन्या पिढीत वारांवरून नावे ठेवण्याचीही पद्धत होती : सोम्या, मंगळ्या, बुध्या, शुक्र्या. थोडी व्यक्तिनामे आणि थोडी आडनावे एकत्र आली की समान नावांची संख्या वाढते. समजा, यादीत ‘सोमा भोये’ नावाचे तिघे आहेत. त्यांना वेगळे करणारे पहिले साधन वडिलांचे नाव आणि दुसरे साधन पाडा होय.

येथे एका नव्या बदलाची दखल घेतली पाहिजे. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली घेतलेल्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकांचे नाव शासकीय कागदपत्रांत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने लिहायचे आहे. म्हणजे मधली पदे दोन झाली. व्हीकार्डच्या ‘अतिरिक्त नावे’ या भागात एकाहून अधिक नावे चालतात. तेव्हा आईचे व वडिलांचे नाव त्याच क्रमाने मधल्या रकान्यात लिहावे.

(इ) *विवाहोत्तर नाव.* विवाहानंतर अनेक स्त्रियांचे मधले पद व आडनाव दोन्ही बदलतात. या जिल्ह्यातील आदिवासींच्या लढ्याशी ज्यांचे नाव जोडले गेले, त्या गोदावरी परुळेकर विवाहापूर्वी गोदावरी गोखले होत्या. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, शिधापत्रिकेवर दुसरे आणि बँकेच्या पासबुकावर तिसरे अशी स्थिती आजही पुष्कळ स्त्रियांची असते. संपर्कवहीत त्या स्त्रीला आज जे नाव मान्य आहे ते मुख्य रकान्यांत लिहावे आणि पूर्वीचे नाव टोपणनावाच्या किंवा टिपणाच्या रकान्यात नोंदवावे. एका स्त्रीची दोन पत्रके करू नयेत. तशी केली की एकीचा क्रमांक बदलतो, दुसरीचा जुनाच राहतो आणि निरोप जुन्या क्रमांकावर जातो.

(ई) *आदरवाचक घटक.* श्री., सौ., श्रीमती, डॉ., ॲड. ही नावापूर्वीची उपाधी होय. तिच्यासाठी स्वतंत्र रकाना आहे. ती पहिल्या नावात लिहिली तर निम्मी वही ‘श्री’खाली गोळा होते. मराठीत मात्र आदर नावाला जोडूनही व्यक्त होतो : ताराबाई मोडक, अनुताई वाघ. येथे ‘बाई’ व ‘ताई’ हे घटक नावाशी एकजीव झाले आहेत. ते तोडून उपाधीच्या रकान्यात टाकता येत नाहीत. नियम असा ठेवावा : स्वतंत्र लिहिला जाणारा आदरशब्द उपाधीत, जोडून लिहिला जाणारा नावातच. ‘शाम’, ‘श्याम’, ‘शामराव’ यांपैकी कोणते रूप घ्यावे, हे त्या व्यक्तीला विचारून ठरवावे.

नावांचा असा पेच केवळ मराठीपुरता नाही. आइसलंडमध्ये बहुतेकांना कुलनाम नसते. वडिलांच्या किंवा आईच्या नावावरून साधलेले पद असते. म्हणून तेथील दूरध्वनी-सूची पहिल्या नावाने लावली जाते. प्रणाली कोठलीही असो, रकान्याला अर्थ देण्याचे काम त्या त्या भाषेच्या वापरकर्त्यांनाच करावे लागते.

७.२.३ एक नाव, अनेक लेखनरूपे

म्हसे यांचेच नाव पुन्हा पाहू. ते ‘म्हसे’ आणि ‘मशे’ अशा दोन्ही प्रकारे लिहिलेले आढळते. रोमन लिपीतील रूपावरून ते परत देवनागरीत आणले की ‘माशे’ हे तिसरे रूप तयार होते. ‘जिव्या’ऐवजी ‘जीव्या’ हेही दिसते. वाचणाऱ्याला ही सर्व रूपे एकाच व्यक्तीची आहेत हे कळते. संगणकाला ‘म्हसे’ आणि ‘मशे’ ही दोन भिन्न नावे वाटतात.

बोलीतून प्रमाण लेखनात येताना असे भेद होतातच. वारली व कोकणा भाषा बोलणारा माणूस आपले नाव जसे उच्चारतो, तसे ते ऐकणारा लिहितोच असे नाही. ऐकणारा आपल्या परिचयाच्या रूपाकडे ओढला जातो. पाड्यावर ‘सोम्या’ म्हणून ओळखला जाणारा माणूस कागदावर ‘सोमा’ होतो. यांपैकी कोणतेही रूप चुकीचे म्हणता येत नाही. म्हणून ओळखपत्रावरील रूप मुख्य रकान्यात आणि पाड्यावर चालणारे रूप टोपणनावाच्या रकान्यात लिहावे. शोध घेताना आपली प्रणाली टोपणनावाचा रकाना तपासते की नाही, हे एक नोंद करून आधी पडताळून पाहावे.

काही भेद डोळ्यांना दिसतही नाहीत. त्यांतील तीन महत्त्वाचे आहेत.

१. *ॲ हे अक्षर.* ‘ॲड.’ या संक्षेपातील पहिले अक्षर दोन प्रकारे टंकित होते : एका स्वतंत्र संकेतांकाने, किंवा ‘अ’ला चंद्र जोडून. स्वतंत्र संकेतांक युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आला. त्याआधीच्या नोंदींत जोडरूप सापडते. पडद्यावर दोन्ही सारखी दिसतात, परंतु एकाचा शोध घेतला तर दुसरे मिळत नाही. ‘गोऱ्हे’ या आडनावातील ‘ऱ्ह’चीही हीच गत आहे.

२. *अंक.* या पुस्तिकेत आपण देवनागरी अंक वाचत आहात. संपर्कवहीच्या दूरध्वनीच्या रकान्यात मात्र इंग्रजी पद्धतीचे अंक लिहावेत. दोहोंचे संकेतांक वेगळे असल्याने एका लिपीतील अंकाने दुसऱ्या लिपीतील क्रमांक सापडत नाही आणि काही दूरध्वनी-संच देवनागरी अंकांवरून क्रमांक लावत नाहीत. क्रमांकापूर्वी अधिक-चिन्हासह देशाचा संकेतांक लिहावा व पुढील दहा अंक सलग ठेवावेत.

३. *वर्णक्रम.* मराठी वर्णमालेत ‘ळ’ हे अक्षर ‘ह’नंतर येते. युनिकोडच्या तक्त्यात ते ‘ल’च्या लगेच पुढे आहे. केवळ तक्त्याचा क्रम पाळणारी प्रणाली ‘काळे’ हे नाव ‘कावरे’च्या आधी दाखवते. ‘क्षीरसागर’ हे नाव आपण शेवटी शोधतो. संगणक ‘क्ष’ला क आणि ष यांचे जोडाक्षर समजत असल्याने ते ‘क’च्या गटात, ‘कौ’नंतर सापडते. संगणकाची व प्रणालीची भाषा काय निवडली आहे यावरही हा क्रम अवलंबून असतो. म्हणून नाव यादीत नजरेने न शोधता शोधचौकटीत अक्षरे टंकून शोधण्याची सवय लावावी. पूर्ण नाव न टंकता त्यातील निःसंदिग्ध भाग टंकावा.

> स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
> योग्य पर्याय निवडा.
> (१) ‘अनुताई’ या नावातील ‘ताई’ कोठे लिहावे? – (क) उपाधीच्या रकान्यात (ख) पहिल्या नावात (ग) टिपणात
> (२) मराठी वर्णमालेत ‘ळ’ कशानंतर येतो? – (क) ल (ख) व (ग) ह
> (३) दूरध्वनी क्रमांक कोणत्या अंकांत लिहावा? – (क) इंग्रजी पद्धतीच्या (ख) देवनागरी (ग) अक्षरी

७.२.४ पत्त्याची नोंद

व्हीकार्डमधील पत्त्याचे सात भाग आहेत. त्यांत रस्ता, नगर, प्रदेश, टपालसंकेत आणि देश असे भाग येतात. पाडा आणि तालुका येत नाहीत. जामसरसारख्या गावात रस्त्याला नाव आणि घराला ठळक क्रमांक असतोच असे नाही. म्हणून पुढील वाटणी सोयीची ठरते : रस्त्याच्या रकान्यात पाडा व खूण, नगराच्या रकान्यात गाव व तालुका, प्रदेशाच्या रकान्यात जिल्हा व राज्य, त्यानंतर पिन. वाटणी कोणतीही निवडा, परंतु ती सर्व नोंदींत एकच ठेवा. तसे केले तर ‘या पाड्यावरील सर्व कुटुंबे’ असा शोध घेता येतो.

पिनचे महत्त्व येथे लक्षात येते. गावांची नावे सारखी असतात, ती निरनिराळ्या भाषांत निरनिराळी लिहिली जातात, आणि पत्र भलतीकडे जाते. या अडचणीवर उपाय म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी भारतात सहा अंकी पिन लागू झाला. त्याची आखणी करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातील अधिकारी होते आणि संस्कृतचे कवीही होते. ‘जव्हार’ हे नाव टंकताना कधी कधी ‘जवाहर’ होऊन बसते. ४०१६०३ हा जव्हारचा पिन सोबत असेल तर तेवढ्याने पत्र अडत नाही. शेजारच्या मोखाड्याचा पिन ४०१६०४ आहे.

जिल्ह्याचे नावही तपासावे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. त्यापूर्वीच्या याद्यांत जामसरचा पत्ता ‘जि. ठाणे’ असाच असणार. अशा याद्या संगणकात आणताना तालुक्याचे नाव पाहून जिल्हा बदलावा. सरसकट ‘ठाणे’च्या जागी ‘पालघर’ करू नये. कारण शहापूर, मुरबाड, भिवंडी हे तालुके ठाणे जिल्ह्यातच राहिले आहेत.

पत्त्याचा सर्वांत अवघड भाग म्हणजे तो बदलणे. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबाचे दोन पत्ते असतात : पावसाळ्यातील गावचा आणि हंगामातील कामाचा. बहुतेक प्रणालींत एका व्यक्तीला घर आणि काम असे दोन पत्ते देता येतात. कामाच्या पत्त्यात भट्टी कोणत्या गावाजवळ आहे व तेथील तालुका कोणता, हे लिहावे. घरात एकच मोबाइल असतो आणि तो कर्त्या पुरुषाबरोबर जातो. म्हणून गावात मागे राहणाऱ्या आजीचा, दिराचा किंवा शेजाऱ्याचा क्रमांक ‘कोणाचा’ हे स्पष्ट लिहून टिपणात ठेवावा. प्रत्येक पत्रकात ‘शेवटची पडताळणी’ असे लिहून दिनांक टाकावा. पडताळणीचा दिनांक नसलेला क्रमांक चालू आहे की बंद, हे कोणालाच सांगता येत नाही. वर्षातून दोनदा, कुटुंबे बाहेर पडण्यापूर्वी आणि परतल्यावर, पडताळणी केली तर वही खरी राहते. शाळेला एखादे मूल हंगामात कोणत्या शाळेत पाठवता येईल हे शोधायचे असते, तेव्हा या दोन ओळी उपयोगी पडतात.

७.२.५ जुन्या याद्या संगणकात आणणे

बहुतेक संस्थांकडे आधीच कोणती तरी यादी असते. ती एकेक करून टंकण्याऐवजी तक्त्यातून आयात करता येते. त्याची पद्धत अशी –

(१) ‘लिब्रेऑफिस कॅल्क’सारख्या तक्त्याच्या प्रणालीत प्रत्येक रकान्यासाठी एक स्तंभ करावा व पहिल्या ओळीत स्तंभांची नावे लिहावीत.
(२) दूरध्वनीचा स्तंभ आधीच ‘मजकूर’ प्रकारचा ठरवावा. अन्यथा तक्ता क्रमांकाला संख्या समजतो व सुरुवातीचे अधिक-चिन्ह किंवा शून्य गाळतो.
(३) संपूर्ण नाव एकाच स्तंभात असेल तर मोकळ्या जागेवरून त्याचे विभाजन करता येते. विभाजनानंतर प्रत्येक ओळ डोळ्यांनी तपासावी. आडनाव आधी आहे की नाव आधी, हे यंत्र ओळखत नाही.
(४) फाइल ‘सीएसव्ही’ प्रकारात, युनिकोडच्या ‘यूटीएफ-८’ संकेतनात जतन करावी.
(५) संपर्कवहीतील ‘इम्पोर्ट’ या आज्ञेने फाइल घ्यावी आणि कोणता स्तंभ कोणत्या रकान्यात जाईल ते जुळवावे. आरंभी पाचच नोंदींची फाइल घेऊन प्रयोग करावा.

जुनी यादी युनिकोडपूर्व टंकात केलेली असेल, तर तो टंक नसलेल्या संगणकावर देवनागरीऐवजी रोमन अक्षरे व चिन्हे दिसतात. ती यादी आधी परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणावी आणि नंतर मुद्रितशोधन करावे. जुन्या मोबाइलमधून काढलेल्या व्हीकार्ड फाइलमध्ये देवनागरी नावे बरोबरच्या चिन्हांनी जोडलेल्या सांकेतिक रूपात दिसू शकतात. ती बिघडलेली नसतात. आयात करणारी प्रणाली त्यांचे परत अक्षरांत रूपांतर करते.

७.२.६ नोंदीपासून पत्रापर्यंत

संपर्कवहीतील नावे घेऊन एकच पत्र अनेकांना पाठवता येते. पत्रात नावाची जागा मोकळी सोडतात व यंत्र तेथे एकेक नाव भरते. येथे मराठी व्याकरण आडवे येते. मराठीत नामाला विभक्तिप्रत्यय लागताना त्याचे सामान्यरूप होते : वाघ – वाघांना, मोडक – मोडकांना. यंत्र केवळ नावापुढे ‘ना’ चिकटवते. सामान्यरूप करत नाही. तेव्हा प्रत्यय नावाला न लावता सर्वनामाला लावावा : ‘श्रीमती अनुताई वाघ यांना’, ‘यांस’, ‘यांच्याकडून’. कार्यालयीन मराठीतील ही जुनी रचना संगणकीय पत्रलेखनाला नेमकी उपयोगी पडते. यासाठी संपर्कवहीतील प्रत्येक नाव प्रत्ययरहित, म्हणजे सरळरूपातच लिहिलेले असले पाहिजे.

थंडरबर्डमधील ‘लिस्ट’ ही सोय ई-पत्रांसाठी आहे. ई-पत्ता नसलेली व्यक्ती तीत घेता येत नाही. ज्या गावात बहुतेकांकडे फक्त दूरध्वनी आहे, तेथे गट करण्यासाठी स्वतंत्र वही करावी, किंवा टिपणात ‘बचतगट’, ‘पालक’ असे ठरावीक शब्द लिहून त्यांवरून शोध घ्यावा.

७.२.७ नोंदवणाऱ्याची जबाबदारी

दुसऱ्याचा क्रमांक आपल्या वहीत असणे हा विश्वासाचा व्यवहार आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ साली संमत झाला. व्यक्तीने घरगुती वा वैयक्तिक कारणासाठी ठेवलेल्या माहितीला तो लागू नाही. संस्थेच्या वहीला ही सूट सांगता येत नाही. म्हणून नोंद करताना संबंधिताला कारण सांगून संमती घ्यावी. टिपणाच्या रकान्यात आजार, कर्ज किंवा घरगुती वाद यांविषयी काहीही लिहू नये. कोणी आपले नाव काढा म्हटले तर ते काढावे.

महिन्यातून एकदा संपूर्ण वही ‘एक्स्पोर्ट’ करून पेनड्राइव्हवर ठेवावी. पावसाळ्यात वीज जाते. अत्यावश्यक क्रमांकांची एक छापील प्रत कपाटात असावी व तिच्यावर दिनांक असावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, नाव कसे मोडायचे, कोणते रूप मुख्य मानायचे, पाडा कोठे लिहायचा हे नियम एका पानावर लिहून वहीसोबत ठेवावेत. नोंदवणारा बदलतो. नियम लिहिलेले नसतील तर नवा माणूस स्वतःचे नियम लावतो आणि त्याच व्यक्तीची दुसरी नोंद तयार होते.

७.३ सारांश

संगणकीय संपर्कवही नावाचे भाग वेगळे साठवते. तिचे रकाने मराठी नामपद्धतीसाठी घडवलेले नाहीत. त्यांना आपल्या नावाच्या घडणीनुसार अर्थ द्यावा लागतो. मधले पद मराठीत ओळखीचे साधन आहे, आदरवाचक घटक नावाशी जोडलेले असू शकतात आणि बोलीतील व कागदावरील रूपे भिन्न असतात. ॲ, अंक आणि ळ यांसारख्या बाबींमुळे शोध व अनुक्रम बिघडतो. पत्त्यात पाडा, पिन आणि हंगामी ठिकाण यांना निश्चित जागा हवी. हे निर्णय नोंदीपूर्वी घेऊन लिहून ठेवले, तर माणूस बदलला तरी वही उपयोगी राहते.

७.४ पारिभाषिक संज्ञा

*सरळरूप* – प्रत्यय लागण्यापूर्वीचे नामाचे मूळ रूप.
*सामान्यरूप* – प्रत्यय लागताना नामात होणारा बदल.
*संकेतांक* – युनिकोडमध्ये प्रत्येक वर्णचिन्हाला दिलेला क्रमांक.
*आयात व निर्यात* – एका प्रणालीत नोंदी आणणे व तेथून बाहेर काढणे.

७.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्नांची उत्तरे

(१) – (ख), (२) – (ग), (३) – (क)

७.६ स्वाध्याय

१. मराठी नावाची घडण आणि व्हीकार्डमधील नावाचे पाच भाग यांची तुलना करा.
२. ‘संपर्कवहीतील नाव न सापडण्याची कारणे अनेकदा भाषिक असतात’ हे विधान सोदाहरण स्पष्ट करा.
३. संगणकीय पत्रात ‘यांना’, ‘यांस’ ही रचना का उपयुक्त ठरते, ते सामान्यरूपाच्या आधारे सांगा.

क्षेत्रीय कार्य : आपल्या गावातील किंवा वस्तीतील एखाद्या संस्थेची यादी संमतीने पाहा. तीत एकाच व्यक्तीच्या नावाची किती लेखनरूपे आढळतात, ते नोंदवा. त्या व्यक्तींना भेटून त्यांना कोणते रूप हवे आहे हे विचारा आणि त्या आधारे त्या संस्थेसाठी एका पानाचे नोंदनियम तयार करा.